जुन्या नदीपात्रावरची टाकी : मृदा द्रवीकरणाच्या जोखीम-मूल्यांकनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नदीकाठच्या सपाट पूरमैदानावर एक जलशुद्धीकरण केंद्र उभारायचे होते. त्यात तीन मुख्य भाग होते. पहिला भाग म्हणजे नदीतून येणारे पाणी घेऊन पुढे पंप करणारी, जमिनीखाली ५ मीटर खोल जाणारी काँक्रीटची टाकी, दुसरा शुद्धीकरणाची इमारत आणि तिसरा शुद्ध पाण्याचा जमिनीवरचा साठा. भूकंपानंतर पिण्याचे पाणी सुरू राहणे हीच या केंद्राची खरी कसोटी असल्यामुळे आराखड्यात भूकंपाचा विचार पहिल्यापासून होता. पृष्ठभागावरचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.२४ पट आणि भूकंप ७.० मॅग्निट्यूडचा, असे गृहीत धरले होते.

माझा संबंध तपासनीस म्हणून आला. मूळ भूतांत्रिक अहवाल तयार झाला होता, पायाचे आराखडे निघू लागले होते आणि अहवालावर स्वतंत्र नजर टाकून तो मंजूर करावा, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. जागा, संस्था आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत. भूस्तराचे आकडे मात्र गणित तपासता यावे अशा रीतीने दिले आहेत.

द्रवीकरण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पाण्याने संपृक्त झालेली सैल वाळू हादऱ्यांनी घट्ट बसू पाहते. पण तिच्या कणांमधले पाणी तेवढ्या वेळात बाहेर पडू शकत नाही, म्हणून पाण्याचा दाब वाढत जातो आणि कणांनी एकमेकांवर टाकलेला भार, म्हणजे प्रभावी ताण, कमी होत जवळजवळ शून्यावर येतो. त्या क्षणी ती वाळू भार पेलणाऱ्या मातीसारखी न वागता जड द्रवासारखी वागू लागते. जपानमधील १९६४ च्या नीगाता भूकंपात कावागिशी-चो येथील निवासी इमारती फारशा न मोडता आख्ख्याच्या आख्ख्या कलल्या, आणि त्यानंतर हा विषय अभियंत्यांच्या रोजच्या कामात आला. सीड आणि इद्रिस या संशोधकांनी १९७१ मध्ये मांडलेली सरलीकृत पद्धत सुधारित रूपात आजही वापरात आहे, आणि या प्रकरणातली आकडेमोडही तिच्याच आधारे झाली.

पहिला अहवाल काय सांगत होता

पहिल्या तपासणीत पाच बोअर (माती तपासण्यासाठी जमिनीत पाडलेली खोल छिद्रे) घेतले होते. वरचा सुमारे ४ मीटरचा थर गाळमिश्रित चिकणमातीचा, त्याखाली मध्यम ते बारीक वाळू आणि १० मीटरच्या आसपास घट्ट रेती, असे चित्र होते. ६ मीटर खोलीवर प्रमाणित भेदन चाचणीचे एन मूल्य, म्हणजे हातोड्याने नळी ३० सेंटिमीटर रुतवायला लागलेले ठोके, १५ आले होते, भूजलपातळी ४ मीटरवर नोंदवली होती आणि वाळूतील बारीक कणांचे प्रमाण २८ टक्के धरले होते. हातोड्याची किती ऊर्जा नळीपर्यंत पोहोचते हे मोजलेले नव्हते. ती ६० टक्के गृहीत धरली होती. या आकड्यांवरून ६ मीटर खोलीवर चक्रीय ताण गुणोत्तर (भूकंप मातीवर किती ताण टाकेल) ०.१८, चक्रीय प्रतिकार गुणोत्तर (माती किती ताण पेलेल) सुमारे ०.२९५ आणि म्हणून सुरक्षा गुणांक, म्हणजे दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारा आकडा, १.६ निघाला; तो १ हून कमी आला तर द्रवीकरण अपेक्षित धरतात. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : ‘जागेवर द्रवीकरणाचा धोका नाही.’

आकडेमोडीत चूक नव्हती. मी ती दोनदा करून पाहिली. अडचण तिच्यात घातलेल्या तीन गोष्टींमध्ये होती, आणि त्या तिन्ही अहवालाच्या परिशिष्टांत उघड्यावर लिहिलेल्या असूनही कोणी एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या.

प्रश्न कुठे होता

पहिली गोष्ट भूजलपातळीची. बोअर कोरड्या ऋतूच्या अखेरीस घेतले होते आणि त्या वेळची ४ मीटरची पातळी तशीच गणितात गेली होती. जवळच्या एका जुन्या विहिरीवर ओल्या ऋतूतले पाणी जमिनीपासून दीड मीटरपर्यंत चढल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. पातळी दीड मीटरवर आणली की त्याच ६ मीटर खोलीवरचा एकूण ताण जवळजवळ तेवढाच राहतो, पण प्रभावी ताण ९० किलोपास्कलवरून ६८ वर येतो आणि चक्रीय ताण गुणोत्तर ०.१८ वरून ०.२४५ होते. भूकंप ऋतू पाहून येत नाही; म्हणून चाचणीच्या दिवशीची पातळी एन मूल्याच्या दुरुस्तीसाठी वापरायची आणि भूकंपाच्या वेळची संभाव्य उंच पातळी ताणाच्या गणितासाठी, हा भेद अहवालात पाळायला हवा होता.

दुसरी गोष्ट बारीक कणांची. २८ टक्के हा आकडा एका नमुन्याचा होता आणि तो नमुना चिकणमाती व वाळू यांच्या सीमेवरून घेतलेला होता. खालच्या निव्वळ वाळूच्या इतर नमुन्यांत हे प्रमाण १२ टक्के किंवा त्याहून कमी होते. सरलीकृत पद्धतीत बारीक कणांचे प्रमाण वाढले की प्रतिकारही वाढवून धरला जातो, त्यामुळे या एका नमुन्याने सगळ्या थराला न मिळवलेली ताकद बहाल केली होती. पातळी दीड मीटर आणि बारीक कण १२ टक्के, एवढेच दोन बदल केले आणि एन मूल्य १५ च ठेवले, तेव्हा सुरक्षा गुणांक १.६ वरून ०.९२ वर आला. नवी एकही चाचणी न करता निष्कर्ष उलटला होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटली. पाचही बोअर अंतर्गत रस्त्याच्या कडेला, यंत्र सहज पोहोचेल अशा जागी होते. जमिनीखालची टाकी मात्र रस्त्यापासून दूर, जरा सखल भागात येणार होती आणि तिच्या जागेवर एकही बोअर नव्हता. जुन्या स्थलवर्णनात्मक नकाशात त्याच सखल पट्ट्यातून नदीचे एक वळण जाताना दाखवले होते, आणि ते पुढच्या आवृत्तीत नाहीसे झाले होते. नदीने सोडून दिलेले आणि नंतर भरत गेलेले पात्र ही द्रवीकरणासाठी सर्वांत संशयास्पद भूरूपांपैकी एक. तेथली वाळू भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी तरुण असते, शांत पाण्यात सैल बसलेली असते आणि पाणी तिच्या वरच उभे असते.

पहिला निर्णय : पुन्हा तपासणी करायची की नाही

येथे मतभेद झाला, आणि तो प्रामाणिक होता. एका बाजूचे म्हणणे असे की ०.९२ हा आकडा १ च्या इतका जवळ आहे की पायाची थोडी मजबुती वाढवून पुढे जाता येईल. दुसरी बाजू, जिच्यात मी होतो, असे म्हणत होती की ०.९२ हा आकडा रस्त्याच्या कडेचा आहे, टाकीखालचा नाही, आणि ज्या जागेबद्दल आपल्याकडे काहीच मोजमाप नाही तिथे दुसऱ्या जागेचा गुणांक लावणे म्हणजे मूल्यांकनच नव्हे. वेळ जाईल ही तक्रार खरी होती. शेवटी पायाचे आराखडे थांबवून सहा आठवड्यांची पुरवणी तपासणी करायचे ठरले. त्यात जुन्या वळणाला आडवी जाणारी एक रेषा आखून तिच्यावर ११ शंकू भेदन चाचण्या (शंकूच्या टोकाचा दांडा जमिनीत दाबून टोकावरचा प्रतिकार मोजणाऱ्या) आणि चार नवे बोअर घ्यायचे होते. ऊर्जा या वेळी प्रत्यक्ष मोजायची होती.

पहिल्या दोन नव्या बोअरमध्ये ६ मीटरवर एन मूल्य ३ आणि ४ आले. हे आकडे माझ्या संशयाला पोषक होते, त्यामुळे ते तसेच स्वीकारण्याचा मोह झाला. परंतु बोअरच्या नोंदवहीत लिहिले होते की चाचणीपूर्वी केसिंगच्या (बोअरला आधार देणाऱ्या नळीच्या) आत वाळू जवळपास ०.७ मीटर वर चढलेली होती. बोअरमधले पाणी आजूबाजूच्या भूजलपातळीच्या खाली गेले की तळाकडून पाणी आत ढकलले जाते, वाळू उकळल्यासारखी वर येते आणि चाचणी होण्याआधीच तळ सैल होतो. म्हणजे ते आकडे जमिनीचे नव्हते, बोअर घेण्याच्या पद्धतीचे होते. ते रद्द करून, बोअर सतत बेन्टोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) मिसळलेल्या द्रवाने काठोकाठ भरलेला ठेवून चाचण्या पुन्हा घेतल्या, तेव्हा एन मूल्ये ७ ते ९ आली. धोका दाखवणारा आकडादेखील चुकीचा असू शकतो, आणि तो टाकून देण्याचे कारण लिहून ठेवणे हे तो वापरण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

ऊर्जेच्या मोजमापाने थोडे बळही दिले. प्रत्यक्ष ऊर्जा ६८ टक्के निघाली, म्हणजे प्रत्येक मूल्य १.१३ पट झाले. तरीही पात्राच्या पट्ट्यात एन मूल्य ८, बारीक कण ८ टक्के आणि सर्व दुरुस्त्या धरून ६ मीटरवरचा सुरक्षा गुणांक ०.६ च्या आसपास स्थिरावला. शंकू भेदन चाचण्यांनी चित्राला कडा दिल्या. पट्ट्यात ४.२ ते ८.५ मीटरपर्यंत टोकाचा प्रतिकार ३ ते ५ मेगापास्कल, पट्ट्याबाहेर त्याच खोलीवर ७ ते ९ मेगापास्कल, आणि दोहोंमधला बदल अवघ्या १५ मीटरच्या अंतरात. रस्त्यावरच्या बोअरना हे दिसणे शक्यच नव्हते.

द्रवीकरण होईल, मग काय होईल

सुरक्षा गुणांक एकाहून कमी आला की चर्चा तेथेच थांबते, असा माझा अनुभव आहे. खरे तर तेथून ती सुरू व्हायला हवी. गुणांक फक्त सुरुवात होईल का एवढे सांगतो. बांधकामाचे काय होईल हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक भागासाठी परिणाम वेगळा काढला.

शुद्धीकरणाची इमारत आणि शुद्ध पाण्याचा साठा यांचा बराचसा भाग पट्ट्याबाहेर होता. तेथे धोक्याचा थर फक्त दीड मीटर जाडीचा होता आणि भूकंपोत्तर खचण अंदाजे २ ते ३ सेंटिमीटर येत होती, जी सलग रॅफ्ट पायाला, म्हणजे इमारतीखालच्या एकसंध जाड स्लॅबला, सोसण्यासारखी होती. पट्ट्यात मात्र ४.३ मीटर जाडीचा थर सुमारे १२ सेंटिमीटर खचण्याची शक्यता होती, आणि साठ्याच्या टाकीचा एक कोपरा त्या पट्ट्यावर तर उरलेला भाग बाहेर, अशी तिची मांडणी होती. असमान खचण ही टाकीसाठी एकूण खचणीपेक्षा जास्त घातक.

जमिनीखालच्या टाकीचा धोका उलट दिशेचा होता : ती खचण्याऐवजी वर येऊ शकत होती. तिचा तळ ५ मीटरवर. पाणी दीड मीटरवर असताना तळावर वर ढकलणारा दाब ३४ किलोपास्कल असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन सुमारे ४५ किलोपास्कल होते, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती सुरक्षित ठरत होती. परंतु तळाखालची वाळू द्रवरूप झाली तर पाण्याचा दाब शेजारच्या मातीच्या एकूण वजनाइतका, म्हणजे कमाल ९३ किलोपास्कलपर्यंत जाऊ शकतो. टाकीत ४ मीटर पाणी भरलेले असले तरी ३९ किलोपास्कलची भर पडून बेरीज ८४ च होते. बाजूंच्या मातीचे घर्षण थोडी मदत करील, पण त्यावर एवढा महत्त्वाचा भाग सोडणे योग्य नव्हते. नीगाता येथे जमिनीखालच्या टाक्या आणि २०११ मध्ये जपानमधील उरायासु येथे मॅनहोल याच कारणाने वर आले होते.

राहिला नदीकडे सरकण्याचा प्रश्न. काठ ३ मीटर उंच आणि टाकीपासून ६० मीटर अंतरावर होता. प्रचलित अनुभवजन्य सूत्रांनी अर्ध्या मीटरच्या आसपास आडवे सरकणे दाखवले, परंतु अशा सूत्रांचे उत्तर प्रत्यक्षाच्या निम्मे किंवा दुप्पट असू शकते, हे आम्ही अहवालात ठळकपणे लिहिले.

पर्याय

सगळेच बांधकाम दुसऱ्या जागी नेणे हा सर्वांत सोपा आणि अनेकदा सर्वांत चांगला पर्याय असतो. येथे शुद्ध पाण्याचा साठा हलवता येत होता. पाणी घेणारी टाकी मात्र येणाऱ्या नळाची पातळी आणि उतार यांना बांधलेली होती.

पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांचा, पर्याय सर्वांना आधी सुचला, कारण तो ओळखीचा होता. खालच्या घट्ट रेतीत रोवलेल्या पाइल खचण नक्कीच रोखतील. परंतु वरचा चिकणमातीचा ४ मीटर जाड थर द्रवरूप वाळूवरून नदीकडे घसरू लागला तर तो पाइलवर बाजूने रेटा देईल, आणि त्याच वेळी मधल्या भागात पाइलला मातीचा आडवा आधार उरलेला नसेल. नीगाता येथील शोवा पुलाचे गाळे कोसळले तेव्हा त्याच्या पाइल वाकलेल्या आढळल्या; त्या नेमक्या कोणत्या कारणाने वाकल्या यावर पुढे दीर्घ चर्चा झाली, पण पाइल आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही हे त्यावरून नक्की कळते. शिवाय वर येऊ पाहणाऱ्या टाकीला पाइलने धरून ठेवायचे तर त्या ताणातही तपासाव्या लागल्या असत्या.

जमिनीत सिमेंट मिसळून जाळीसारख्या उभ्या भिंती करणे हा तिसरा पर्याय. जपानमधील कोबे येथे १९९५ च्या भूकंपात बंदराच्या कडेची जमीन मोठ्या प्रमाणात सरकली असताना अशा जाळीवर उभे असलेले एक हॉटेल टिकून राहिले, हे उदाहरण आमच्यापुढे होते. तांत्रिक दृष्ट्या हाच पर्याय मला सर्वांत भक्कम वाटत होता. खर्च आणि यंत्रसामग्री यांमुळे तो मागे पडला.

चौथा पर्याय कंपनाने बसवलेल्या दगडी स्तंभांचा, म्हणजे स्टोन कॉलमचा. ते आजूबाजूची वाळू घट्ट करतात, पाण्याला निसटायला वाट देतात आणि थोडा ताण स्वतःवर घेतात. बारीक कण १५ टक्क्यांच्या आत असलेल्या वाळूत ते चांगले काम देतात आणि आमची वाळू नेमकी तशी होती.

दुसरा निर्णय आणि प्रत्यक्ष काम

शुद्ध पाण्याचा साठा ४५ मीटर सरकवून पूर्णपणे पट्ट्याबाहेर नेला. त्याला जोडणाऱ्या नळांवर सरकणे आणि वळणे सोसणारे लवचीक सांधे दिले. पाणी घेणाऱ्या टाकीखाली आणि भोवती ०.८ मीटर व्यासाचे स्टोन कॉलम २ मीटर अंतराच्या त्रिकोणी मांडणीत ९.५ मीटर खोलीपर्यंत घेतले आणि हा उपचार टाकीच्या कडेपासून ५ मीटर बाहेरपर्यंत नेला. उपचार न केलेल्या भागातला वाढलेला पाण्याचा दाब आत शिरून कडेची जमीन मऊ करू शकतो, म्हणून हा बाहेरचा पट्टा आवश्यक असतो. टाकीचा तळ बाजूंनी वाढवून त्यावर मातीचे वजन घेतले.

सर्व जागेवर एकदम काम न करता आधी छोट्या चाचणी-क्षेत्रात स्तंभ बसवून, दोन आठवडे थांबून, स्तंभांच्या मधोमध शंकू भेदन चाचण्या घेतल्या. सुरक्षा गुणांक १.२५ मिळण्यासाठी ६ मीटर खोलीवर सुमारे १० मेगापास्कल प्रतिकार हवा होता. सुरुवातीला अडीच मीटर अंतर ठेवून पाहिले तेव्हा तो ८ च्या पुढे गेला नाही. २ मीटरवर आल्यावर गेला. चाचणी-क्षेत्र नसते तर ही तफावत सगळे स्तंभ बसल्यानंतरच कळली असती.

निष्पत्ती

पूर्ण कामानंतरच्या चाचण्यांत स्वच्छ वाळूचा प्रतिकार ४ च्या आसपासून १० ते १३ मेगापास्कलवर गेला. एक अपवाद राहिला : ७ मीटरजवळ अर्धा-पाऊण मीटर जाडीचा पोयट्याचा (वाळूहून बारीक गाळाचा) एक थर, जिथे आकडे जवळजवळ हललेच नाहीत. काहींना वाटले की बारीक कण जास्त असल्याने तो आपोआप सुरक्षित आहे. पण १९९९ च्या भूकंपात तुर्कस्तानातील अदापाझारी येथे बारीक कणांच्या पोयट्यावरच्या इमारती खचल्या होत्या, आणि त्यानंतर कणांचा आकार न पाहता त्यांची सुघट्यता (न तुटता मळता येण्याचा, चिकणमातीसारखा गुण) आणि पाण्याचे प्रमाण पाहण्यावर भर आला. म्हणून त्या थराचे अखंड नमुने काढले. सुघट्यता निर्देशांक १४ ते १७ आला, नैसर्गिक पाण्याचे प्रमाणही द्रव मर्यादेच्या, म्हणजे माती द्रवासारखी वाहू लागते त्या प्रमाणाच्या, बरेच खाली होते, आणि चक्रीय चाचणीत नमुने मऊ झाले तरी त्यांनी ताकद पूर्ण गमावली नाही. त्या आधारावर तो थर तसाच स्वीकारला आणि स्वीकारल्याचे कारण नोंदवले.

आराखड्यात धरलेल्या तीव्रतेचा भूकंप त्यानंतर तेथे झालेला नाही. म्हणून उपाय यशस्वी ठरला असे मी म्हणत नाही. मोजमापे अपेक्षेप्रमाणे आली, एवढेच म्हणता येते. नदीकडे सरकण्याची जोखीम टाकीपुरती कमी झाली असली तरी टाकी आणि काठ यांमधल्या नळाच्या मार्गासाठी ती शिल्लक आहे, आणि तो नळ तुटल्यास तात्पुरती जोडणी कशी करायची याची तयारी केंद्राच्या आपत्ती आराखड्यात वेगळी लिहिली आहे.

वेगळे काय करता आले असते

जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे पहिला बोअर घेण्यापूर्वी पाहायला हवी होती. त्यांना लागणारा वेळ काही दिवसांचा. ती पाहिली असती तर बोअर रस्त्यावर न पडता पट्ट्यात पडले असते, साठ्याची जागा पहिल्या मांडणीतच बदलली असती आणि आराखडे थांबवण्याची वेळ आली नसती.

माझ्याकडूनही एक चूक झाली. मी पहिल्या आढाव्यात द्रवीकरण होईल का यावरच लक्ष ठेवले आणि नदीकाठाकडे सरकण्याचा प्रश्न पुरवणी तपासणी संपत आल्यावर उपस्थित केला. तो आधी विचारला असता तर शंकू भेदन चाचण्यांची दुसरी रेषा टाकीपासून थेट काठापर्यंत घेता आली असती आणि थर नदीकडे सलग जातो की मध्येच तुटतो हे कळले असते. त्या एका माहितीवर आडव्या सरकण्याचा अंदाज अर्ध्यावर आला असता किंवा सिमेंट-जाळीच्या भिंतींचा आग्रह धरण्याइतका वाढला असता. यातले नेमके काय झाले असते, हे आता सांगता येत नाही.

भूजलपातळीसाठीही विहिरीवरच्या खुणांवर विसंबावे लागले. पहिल्या बोअरपैकी दोनांमध्ये साधी पातळीमापक नळी बसवून ठेवली असती तर पुरवणी तपासणीपर्यंत ओल्या ऋतूची प्रत्यक्ष नोंद हाती आली असती. आता टाकीशेजारी अशा तीन नळ्या आहेत. पहिल्या ओल्या ऋतूत त्यांतली सर्वांत उंच पातळी १.३ मीटरवर नोंदली गेली, म्हणजे आम्ही धरलेल्या दीड मीटरपेक्षा वर, आणि त्या पातळीने सर्व गणिते पुन्हा करून पाहावी लागली.